विश्लेषण : एका वायसरपायी वर्षाला पाच टँकर पाणी वाया? गळका फ्लश कसा ओळखायचा, कसा दुरुस्त करायचा?

धरणांतील साठा खाली गेला की पाणीकपातीच्या बातम्या सुरू होतात. गाड्या पाइप लावून धुऊ नका, नळ नीट बंद करा, अशी आवाहने केली जातात. घरोघरी पिंप आणि बादल्या भरून ठेवल्या जातात. मात्र त्याच घरांपैकी काहींमध्ये फ्लशच्या टाकीतून शुद्ध केलेले पाणी दिवसरात्र कमोडमध्ये झिरपत असते आणि महिनोन्‌महिने ते कोणाच्या लक्षात येत नाही. या गळतीचे मूळ बहुतेक वेळा टाकीच्या तळाशी असलेल्या रबराच्या किंवा सिलिकॉनच्या एका वायसरमध्ये असते. त्याची किंमत किरकोळ आणि तो बदलायला लागणारा वेळ साधारण अर्धा तास. मग ही गळती इतकी दुर्लक्षित का राहते? ती ओळखायची कशी? आणि दुरुस्ती घरच्या घरी करता येते का?

फ्लशची टाकी काम कशी करते?

फ्लशच्या टाकीत मुख्यतः दोन यंत्रणा असतात. पहिली पाणी आत घेणारी. अँगल कॉकमधून आलेले पाणी या झडपेतून टाकीत पडते. पातळी वाढली की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होते. जुन्या भाषेत हाच बॉलकॉक.

दुसरी यंत्रणा पाणी सोडणारी, म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह. टाकीच्या मधोमध प्लास्टिकचा उभा मनोरा दिसतो तो हाच. त्याच्या तळाशी गोल वायसर बसवलेला असतो आणि तो टाकीच्या तळाच्या कडेवर, म्हणजे बैठकीवर, टेकलेला असतो. बटण दाबले की मनोऱ्याचा आतला भाग वर उचलला जातो, पाणी कमोडमध्ये जाते आणि टाकी रिकामी होताच वायसर पुन्हा बैठकीवर बसतो. वर साठणाऱ्या पाण्याचे वजन त्याला दाबून धरते.

याच मनोऱ्यात एक पोकळ नळी असते. आत येणारे पाणी काही कारणाने थांबले नाही, तर टाकी भरून जमिनीवर वाहू नये म्हणून जादा पाणी या नळीतून थेट कमोडमध्ये जाते. ही ओव्हरफ्लोची नळी. पुढे गळतीचे निदान करताना वायसर आणि ही नळी, या दोन वाटा लक्षात ठेवाव्या लागतात.

वायसर खराब का होतो?

वायसर चोवीस तास पाण्यात बुडालेला आणि दाबाखाली असतो. कालांतराने रबराची लवचिकता कमी होते. बैठकीच्या कडेचा वण त्यावर कायमचा उमटतो. काही वायसर कडक होतात, काही फुगतात, तर काही इतके मऊ पडतात की बोट लावले तरी काळा रंग हाताला लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही रबराचे आयुष्य हळूहळू कमी करते.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यामुळे बैठकीवर क्षारांचा पांढरा थर बसतो. वायसर चांगला असला तरी खडबडीत थरावर तो घट्ट बसत नाही. पाणीपुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यावर, किंवा गच्चीवरील टाकी बरेच दिवस न धुतल्यास, बारीक वाळू आणि गाळ फ्लशच्या टाकीत येतो. त्यातला एखादा कण वायसरखाली अडकला तरी धार सुरू होते.

आणखी एक कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. कमोड स्वच्छ राहावे म्हणून टाकीत टाकल्या जाणाऱ्या काही वड्यांमध्ये क्लोरीनयुक्त रसायन असते. वडी टाकीतच विरघळत असल्याने तीव्र रसायन तासन्‌तास वायसरच्या संपर्कात राहते. कमोड चकचकीत होते, पण वायसर लवकर निकामी होतो.

ही गळती दिसत का नाही?

नळ गळला तर थेंबाचा आवाज येतो. पाइप गळला तर भिंतीला ओल येते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दार ठोठावतात. फ्लशच्या गळतीत यातले काहीच घडत नाही. पाणी कमोडच्या मागच्या बाजूने पातळ पापुद्र्यासारखे उतरते आणि थेट मैलावाहिनीत जाते. फरशी कोरडी, भिंत कोरडी, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नसते.

काही खुणा मात्र असतात. कोणी फ्लश वापरलेला नसताना रात्री टाकी आपोआप काही सेकंद भरल्याचा आवाज येतो. झिरपून पातळी खाली गेली की फ्लोट खाली येतो आणि तेवढे पाणी पुन्हा आत घेतो. कमोडमधील पाण्यावर सतत बारीक तरंग दिसतात. कमोडच्या मागच्या उतारावर पिवळसर किंवा पांढरा ओघळ तयार होतो आणि कितीही घासला तरी काही दिवसांत परत येतो. अशा ओघळासाठी महागडी क्लीनर आणली जातात, पण टाकीचे झाकण उघडून पाहिले जात नाही.

घरच्या घरी गळती कशी ओळखायची?

सर्वांत सोपी चाचणी रंगाची. टाकीचे झाकण उघडून पाण्यात खाण्याच्या रंगाचे किंवा कपड्यांच्या निळीचे काही थेंब टाकावेत आणि १५ ते २० मिनिटे फ्लश वापरू नये. त्यानंतर कमोडमधील पाण्यात रंग उतरलेला दिसला तर गळती आहे. चाचणी झाल्यावर लगेच फ्लश करावा, म्हणजे डाग राहत नाही.

दुसरी चाचणी गळती कोठून आहे ते सांगते. टाकी पूर्ण भरू द्यावी, अँगल कॉक बंद करावा आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने खूण करावी. अर्ध्या तासाने पाहावे.

पातळी खुणेच्या खाली घसरत राहिली तर दोष तळाच्या वायसरमध्ये किंवा त्याच्या बैठकीत आहे. पातळी जागेवर राहिली, पण अँगल कॉक उघडल्यावर कमोडमध्ये पाणी वाहू लागले, तर वायसर ठीक आहे. आत येणारे पाणी थांबत नसल्याने ते ओव्हरफ्लोच्या नळीतून जात आहे. अशा वेळी वायसर बदलून काहीही उपयोग होत नाही. अनेकदा खर्च होतो आणि गळती तशीच राहते, ती हे निदान न केल्यामुळे.

किती पाणी वाया जाते?

गळतीचे प्रमाण प्रत्येक घरात वेगळे असते, पण ते मोजता येते. पेन्सिलीच्या चाचणीत पातळी जितके सेंटिमीटर खाली गेली, त्याला टाकीच्या आतल्या लांबी-रुंदीने गुणावे आणि हजाराने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. उदाहरणार्थ, टाकी आतून ३५ सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद असेल आणि अर्ध्या तासात पातळी ३ सेंमी घसरली असेल, तर सुमारे १.६ लिटर पाणी गेले. याच वेगाने दिवसाला सुमारे ७५ लिटर.

मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी झिरपत असेल तर दिवसाला १४४ लिटर होतात. केंद्र सरकारच्या निकषांनुसार मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांत प्रतिव्यक्ती प्रतिदिन १३५ लिटर पाणीपुरवठा धरला जातो. म्हणजे हा एक फ्लश घरातल्या आणखी एका माणसाइतके पाणी वापरतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी हा निकष ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने दोघांचे पाणी देऊनही काही उरते.

वर्षाचा हिशेब केला तर हा आकडा सुमारे ५२,५०० लिटरवर जातो. १० हजार लिटरचे पाच टँकर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले होते. एप्रिलमध्ये पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या १० वाघिणींमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले, म्हणजे एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून आलेल्या अशा एका वाघिणीतले पाणी एक गळका फ्लश वर्षभरात गुपचूप गटारात सोडतो.

हा हिशेब अतिशयोक्त नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार गळक्या शौचालयातून दिवसाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर पाणी वाया जाऊ शकते.

दुरुस्तीपूर्वी काय तपासावे?

काही वेळा वायसरला हात न लावताही गळती थांबते. पहिल्यांदा बटण पाहावे. बटणाखालची दांडी प्रमाणापेक्षा लांब ठेवलेली असेल, तर झाकण बसवल्यावर ती व्हॉल्व्हला किंचित दाबून ठेवते आणि वायसर पूर्ण बसतच नाही. झाकण काढल्यावर गळती थांबत असेल तर दोष दांडीचाच. ती फिरवून थोडी आखूड करावी. बटण क्षारांमुळे अडकून अर्धवट दाबलेले राहत असेल तर ते साफ करावे.

दुसरे, पाण्याची पातळी. ती ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापेक्षा साधारण दोन ते अडीच सेंमी खाली असावी. पातळी नळीपर्यंत पोहोचत असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून फ्लोट खाली आणावा. फ्लोट हाताने वर उचलूनही पाणी थांबत नसेल, तर आत येणाऱ्या झडपेत कचरा अडकला आहे किंवा तिचा वायसर गेला आहे.

तिसरे, फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा मधल्या मनोऱ्याला घासत नाही ना, हे पाहावे.

वायसर कसा बदलायचा?

सध्या घराघरांत दिसणाऱ्या, वर दोन बटणे असलेल्या टाकीसाठी पुढील क्रम लागू पडतो. कंपनीनुसार थोडा फरक असू शकतो.

१. अँगल कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करावा. तो घट्ट बसला असेल तर जोर लावू नये. जुना कॉक तुटला तर घरभर पाणी होते. अशा वेळी बाथरूमचा मुख्य कॉक बंद करावा.

२. फ्लश करून टाकी रिकामी करावी. तळाशी उरलेले पाणी स्पंजने किंवा फडक्याने टिपून घ्यावे.

३. अनेक टाक्यांत बटणाभोवतीची चकती झाकणाला धरून ठेवते. ती उलट दिशेने फिरवून काढावी आणि झाकण सरळ वर उचलावे. चिनी मातीचे झाकण फरशीवर न ठेवता टॉवेलवर ठेवावे. झाकण फुटले तर त्याच मापाचे मिळवणे हे वायसरपेक्षा कितीतरी अवघड काम असते.

४. मधला मनोरा दोन्ही हातांनी धरून उलट दिशेने साधारण पाव फेरा फिरवावा आणि वर उचलावा. काही प्रकारांत बाजूला दोन खिट्ट्या असतात, त्या दाबाव्या लागतात. तळाची बैठक टाकीतच राहते. ती काढण्याची गरज नसते. काढण्याआधी मोबाइलवर एक-दोन फोटो घेऊन ठेवावेत, बसवताना उपयोगी पडतात.

५. मनोऱ्याच्या तळाचा वायसर बोटांनी काढावा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरल्यास त्याच्या खाचेला ओरखडा पडू शकतो.

६. टाकीतील बैठकीच्या कडेवरून बोट फिरवावे. खडबडीत लागली तर जुना टूथब्रश आणि व्हिनेगरने क्षार काढावेत. सँडपेपर किंवा तारेची घासणी वापरू नये. बैठकीला चीर गेली असेल तर नवा वायसरही गळेल. तेव्हा पूर्ण व्हॉल्व्ह बदलणेच योग्य.

७. नवा वायसर पिळ न पडता सपाट बसवावा. त्यावर व्हॅसलिन, ग्रीस किंवा चिकटद्रव लावू नये. पेट्रोलियमयुक्त पदार्थांनी अनेक प्रकारचे रबर फुगते आणि चिकटद्रवाने पुढची दुरुस्तीच अशक्य होते.

८. मनोरा जागेवर बसवून फिरवावा आणि तो अडकल्याची खात्री करावी. अँगल कॉक उघडावा, टाकी भरू द्यावी आणि रंगाची चाचणी पुन्हा करावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. दुरुस्ती झाली की नाही, ते याच चाचणीतून कळते.

दुकानात गेल्यावर काय मागायचे?

सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. फ्लशच्या वायसरचे एकच ठरावीक माप नसते. बाहेरचा व्यास, आतले भोक आणि जाडी कंपनीनुसार, अनेकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही बदलते. त्यामुळे जुना वायसर सोबत नेणे उत्तम. तो फाटला असेल तर मनोऱ्याचा तळाचा भागच दुकानात न्यावा. टाकीच्या आत किंवा झाकणाखाली कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक कोरलेला असतो, त्याचा फोटो घ्यावा.

वायसर निवडताना सिलिकॉनचा मिळत असेल तर तो घ्यावा. क्लोरीनयुक्त पाण्यात तो साध्या रबरापेक्षा सहसा जास्त टिकतो. मापाच्या जवळपासचा, थोडा जाड वायसर ‘चालून जाईल’ असे सांगितले जाते. तो बसतोही, पण बटण सुटल्यावर मनोरा पूर्ण खाली येत नाही आणि गळती पहिल्यापेक्षा वाढते.

दुकानदार अनेकदा पूर्ण व्हॉल्व्हचा संच घ्यायला सांगतात. व्हॉल्व्ह बराच जुना असेल, प्लास्टिक ठिसूळ झाले असेल किंवा बैठकीला चीर असेल तर तो सल्ला बरोबर आहे. बाकी यंत्रणा धडधाकट असताना केवळ वायसर मिळत नाही म्हणून संच घ्यावा लागणे, ही मात्र ग्राहकाची नसून बाजाराची अडचण आहे.

भिंतीतल्या टाकीचे काय? फरशी फोडावी लागते का?

नव्या इमारतींत टाकी भिंतीच्या आत आणि बाहेर फक्त बटणांची पट्टी असते. गळती झाली की टाइल्स फोडाव्या लागतील, या भीतीने दुरुस्ती पुढे ढकलली जाते. वायसर बदलण्यासाठी सहसा काहीही फोडावे लागत नाही. बटणांची पट्टी काढल्यावर आतल्या चौकोनी जागेतून व्हॉल्व्हचे भाग सुटे करून बाहेर काढता येतील, अशीच या टाक्यांची रचना असते. पाणी बंद करण्याचा कॉकही बहुधा आतच असतो. मात्र हे काम अरुंद जागेतले आणि त्या कंपनीच्याच सुट्या भागांचे असल्याने माहीतगाराकडून करून घेणे बरे. वॉरंटी असेल तर कंपनीकडे तक्रार करावी.

प्लंबर केव्हा बोलवावा?

टाकी आणि कमोड यांच्या जोडावरून पाणी जमिनीवर येत असेल, अँगल कॉकच गळत असेल किंवा टाकीला तडा असेल, तर प्लंबर बोलवावा. टाकी न बसवता थेट पाइपवर लावलेल्या दांड्याच्या फ्लश व्हॉल्व्हची रचना पूर्णपणे वेगळी असते. तो उघडण्याचा प्रयत्न घरी करू नये.

बाजूला दांडा असलेल्या काही टाक्यांत तळाशी झडप नसून सायफन असतो. त्या बिघडल्या तर झिरपण्याऐवजी दांडा दोन-तीनदा ओढावा लागतो. तिथे वर दिलेली पद्धत लागू पडत नाही.

प्लंबरला बोलावतानाही चाचणी आधी करून ठेवावी. ‘फ्लश गळतोय’ असे सांगण्याऐवजी ‘कॉक बंद केल्यावरही पातळी उतरते’ असे सांगितले, तर तो योग्य वायसर घेऊनच येतो आणि दुसरी फेरी वाचते.

जुन्या साखळीच्या टाक्या गळत का नव्हत्या?

चाळींत आणि जुन्या कार्यालयांत डोक्यावर बसवलेली बिडाची टाकी आणि लोंबणारी साखळी अनेकांना आठवत असेल. त्या टाकीत तळाला रबराची झडपच नव्हती. पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असलेली उभी नळी आणि तिच्यावर घंटेच्या आकाराचे झाकण, अशी रचना होती. साखळी ओढून सोडली की सायफन तयार होऊन पाणी खाली जाई. ओढल्याशिवाय पाण्याला ती उंची ओलांडता येत नसे, त्यामुळे वायसर झिजून गळण्याचा प्रश्नच नव्हता. गळती झालीच तर ती बॉलकॉक बिघडून होई.

ब्रिटनमध्ये तर घरगुती टाक्यांसाठी सायफनच बंधनकारक होता. पाणी वाया जाऊ नये हाच हेतू. नवे नियम आल्यानंतर २००१ पासून तेथे तळाला झडप असलेल्या टाक्यांना परवानगी मिळाली. फ्लशसाठी कमी पाणी आणि बटणाची सोय हे त्यांचे फायदे. पण नंतर गळक्या शौचालयांचा प्रश्न तेथे इतका वाढला, की आता पाणीपुरवठा कंपन्यांनाच ग्राहकांकडे गळती तपासण्यासाठी पाठपुरावा करावा लागतो.

दोन बटणांच्या टाकीचा हिशेबही याच नजरेने पाहायला हवा. जुन्या टाकीत प्रत्येक वेळी १० लिटर जात असतील आणि नव्या टाकीत मोठ्या बटणाला ६ व छोट्याला ३ लिटर, तर दिवसातून पाच वेळा, त्यात चारदा छोटे बटण वापरणाऱ्या व्यक्तीमागे ३२ लिटर वाचतात. चार जणांच्या घरात १२८ लिटर. आणि मिनिटाला अर्धा पेला गळणारा वायसर दिवसाला घालवतो १४४ लिटर. बचतीसाठी आणलेली टाकी देखभालीअभावी जुन्या टाकीपेक्षा जास्त पाणी घालवू शकते.

जबाबदारी कोणाची?

मुंबईला सात तलावांतून दररोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी पुरवले जाते. त्यातील मोठा वाटा ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांचा. ते पाणी लांबवरून जलवाहिन्यांतून आणले जाते, शुद्ध केले जाते आणि पुढे इमारतीचा पंप ते गच्चीवर चढवतो. नळाला पाणी दोन तास येवो वा चार तास, गच्चीवरील टाकीमुळे फ्लशची गळती मात्र चोवीस तास सुरू राहते.

तरीही गळका फ्लश कोणाच्या खिशाला लागत नाही. अनेक सोसायट्यांत संपूर्ण इमारतीला एकच मीटर असतो आणि बिल सर्वांमध्ये वाटले जाते. एका घरातली गळती साठ घरांत विभागली गेली की कोणालाच ती जाणवत नाही. टँकर मागवायची वेळ आली की मात्र खर्च सर्वांनाच पडतो. बंद फ्लॅटचा प्रश्न वेगळाच. मालक परगावी किंवा परदेशी असतो आणि आतला फ्लश वर्षभर झिरपत राहतो. घर बंद करताना गॅससारखाच पाण्याचा मुख्य कॉकही बंद करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सेप्टिक टँक असलेल्या घरांत परिणाम आणखी थेट होतो. सतत येणाऱ्या पाण्यामुळे मैला कुजण्यास पुरेसा वेळ मिळत नाही, शोषखड्डा लवकर भरतो आणि उपसा गाडी वारंवार बोलवावी लागते.

शाळा, रुग्णालये, बस स्थानके आणि सरकारी कार्यालयांत तर फ्लश गळत असल्याचे सफाई कर्मचाऱ्याला रोज दिसत असते. पण वायसर विकत आणण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तक्रार वहीत नोंदवली जाते, मागणीपत्र निघते आणि किरकोळ किमतीच्या वस्तूसाठी मंजुरीची वाट पाहिली जाते. तोवर पाणी वाहत राहते.

उपाय अवघड नाहीत. सोसायट्यांनी गच्चीची टाकी धुण्याच्या दिवशीच प्रत्येक घरात रंगाची चाचणी घ्यावी आणि नेहमीच्या मापाचे काही वायसर कार्यालयात ठेवावेत. सार्वजनिक इमारतींत किरकोळ प्लंबिंग साहित्यासाठी थेट खर्चाची मुभा द्यावी. पालिकांनी पाणीकपातीच्या सूचनेसोबत फ्लश तपासण्याची पद्धतही छापावी. फ्लशच्या टाक्यांसाठी भारतीय मानक आहे. त्यासोबत वायसरची मोजकी मापे ठरवून देणे आणि टाकी विकणाऱ्याने सुटा वायसर अनेक वर्षे उपलब्ध ठेवणे, याचाही विचार व्हायला हवा. टाकी विकली जाते पण तिचा वायसर मिळत नाही, ही स्थिती ग्राहकाच्या आणि पाण्याच्याही हिताची नाही.

पाणी वाचवण्याच्या आवाहनांत आजवर नळ, शॉवर आणि गाड्या धुण्यावर भर राहिला, कारण तेथील पाणी डोळ्यांना दिसते. कपात मात्र दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा सगळ्याच वापरामुळे येते आणि ती सर्वांत आधी पोहोचते जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जिथे हंडे घेऊन रांग लावावी लागते. आज रात्री झोपण्यापूर्वी टाकीत रंगाचे चार थेंब टाकून पाहिले, तर आपल्या घरातून त्या रांगेतले किती हंडे कमी होतात, हे वीस मिनिटांत कळेल.